पाण्याचा दिवस आणि शकिला आपा

आमच्या सेक्शनमध्ये ‘पाणी आलं’ असं कुणी म्हणायचं नाही.

तसा काही जीआर नव्हता. पण नवीन माणूस जॉइन झाला की त्याला टेबल दाखवायच्या आधी हे कानात सांगितलं जायचं. पाण्याचा जार आला तर ‘जार आला’ म्हणायचं.

आज शकिला आपाच गेल्या. आता कुणी काहीही म्हणा.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कधी येईल ते नळालाच ठाऊक. आलं की अख्खी गल्ली हातातलं काम टाकून पळते. मोटार लावा, हौद भरा, ड्रम भरा, बादल्या भरा. पाण्याचा दिवस म्हटलं की ऑफिसात हाफ डे मिळतो. दुसरं कारण लागत नाही.

आपा सीनियर क्लार्क. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. नियम मी मुकाट पाळत होते, कारण मात्र माहीत नव्हतं.

मग एकदा एक नवीन क्लार्क दारातूनच ओरडला, “मॅडम, पाणी आलं!”

बिचारा जारबद्दलच सांगत होता.

आपा उठल्या. चष्मा टेबलावर, चपला टेबलाखाली. जिना उतरून थेट गेटबाहेर. मी मागे धावले तर त्या रिक्षावाल्याला म्हणत होत्या, “शहागंज, भाई. जल्दी.”

मी हात धरला.

“आपा, कुठं निघालात?”

त्यांनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

“मुन्नी भाभीकडंय ना,” म्हणाल्या.

मुन्नी म्हणजे त्यांची मुलगी. तिला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

रिक्षावाला निघून गेला. आम्ही गेटजवळच्या कट्ट्यावर बसलो आणि त्यांनी सगळं सांगितलं.

“तवा आम्ही शहागंजात राहायचो, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. मग शेजारच्या भाभीकडं ठेवायचे पोरीला. भाभी लई जीव लावायची. त्या दिवशी पाणी आलं. लई दिवसांनी आलं होतं. भाभीनं हौदाचं झाकण काढलं, पाईप सोडला अन् मोटार लावायला आत गेली. तेवढंच. निरोप आला तवा मी इथं टपाल फोडत होते.”

“मग भाभी?”

“तिला कधी बोल लावला नाही, बेटा. पाणी सोड अन् पोराकडं बघ, असं या शहरात कुणाला म्हणता येतं का?”



आमच्या रेकॉर्ड रूमला लागून एक खोली आहे. खिडकी आहे, पंखा आहे, आत मोडक्या खुर्च्या आहेत. बाहेर कुलूप. आपांचं म्हणणं एकच, इथं पाळणाघर करा. साहेब बदलत गेले, आपांचं म्हणणं बदललं नाही.

एकदा मी समोर होते. साहेब काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “आपा, मागणी रास्त आहे. पण लोक काय म्हणतील? यांना पगार आहे, पेन्शन आहे, आता यांची पोरंही सरकारनंच सांभाळायची?”

“म्हणू द्या, साहेब. फुकट कोन मागतंय? थोडं आमच्या पगारातून कापा, थोडं सरकारनं घालावं.”

“आणि बाकीच्या बायका? त्यांना कोण देतंय?”

“शहागंजात भाजीवाली पोराला हातगाडीखाली झोपवती. तिलाबी द्या. मी नको म्हनले का? पन कुठूनतरी सुरू करा ना. खुर्च्या सांभाळायला खोली हाय आपल्याकडं.”

साहेब म्हणाले, “बघू.”

हे ‘बघू’ आपांच्या रिटायरमेंटपर्यंत चाललं. ‘पाणी आलं’ म्हणायचं नाही, हा नियम मात्र आम्ही त्यानंतरही पाळला.

त्या रिटायर व्हायच्या आधीच माझी सई झाली आणि मी रजा संपवून परत आले, तेव्हा तिची खबर घ्यायला सारखा फोन करायचे. आपा चिडवायच्या, “फोन हाय का स्टेथोस्कोप?” पण पाण्याचा दिवस असला की त्याच हळूच विचारायच्या, “केला का गं फोन?”

सई उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे असते. काकू म्हणजे देवमाणूस. तरी टायपिंग करता करता मला मध्येच ऐकू येतं. पाण्यात काहीतरी पडल्यासारखं.

आमच्या बिल्डिंगला हौदच नाही. तरीही ऐकू येतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आज दुपारी आपांच्या घरी गेले. पुरुष मंडळी कब्रस्तानात गेली होती, आम्ही बायका आत बसलो होतो. आपांची धाकटी बहीण म्हणाली, “दवाखान्यात शेवटी शेवटी एकच धोशा. खोली खुली क्या? खोली खुली क्या? आम्हाला वाटलं, जीव गुदमरतोय. दर वेळी उठून खिडकी उघडायचो. तरी पुन्हा तेच. दार उघडलं, पडदे काढले. तरी तेच.”

त्या घरात मी एकटीच होते जिला माहीत होतं, त्या कुठल्या खोलीबद्दल विचारत होत्या.

नाही उघडली, आपा. कुलूप तसंच आहे.

उद्या सोमवार. मी सईला घेऊन ऑफिसला येतेय. त्या खोलीच्या दाराशी सतरंजी टाकणार आणि तिला तिथं बसवणार. परवानगी मागणार नाही. साहेबांना लोक काय म्हणतील ते म्हणोत. सेक्शनमधल्या ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी हे वाचलं असेलच. मी वाट बघतेय.

आपा, तुम्ही आता मुन्नीला जवळ घ्या.

इथलं आम्ही बघतो.