धोंडशिरा आणि धामण

माझा डावा डोळा माझ्याच धनुष्यानं फोडला. कुणी विचारलं तर 'सुतारकामात लागलं' एवढंच सांगतो.

मी महाडजवळच्या कापडे गावचा सुतार. दारं-खिडक्या हे पोटाचं काम. धनुष्य करायला शिकवलं डोंगरातल्या एका म्हाताऱ्या कातकऱ्यानं. धामणीचं लाकूड वर्षभर चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवायचं, मग वाकसानं हळूहळू तासत आणायचं. ओढल्यावर धनुष्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि लाकूड फाटतं ते तिथूनच. पुण्याहून धनुष्य न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यावर उपाय सांगितला. जनावराच्या टाचेवरची धोंडशीर वाळवून दगडावर कुटली की तिचे केसासारखे तंतू सुटतात. ते गरम सरसात भिजवून पाठीवर थरावर थर बसवायचे. मग लाकूड फाटत नाही.

शिरा द्यायचा माझा शाळेतला दोस्त. महाडला त्याचं म्हशीच्या मटणाचं दुकान आहे. शिरा खरवडून, मीठ लावून तो स्वतः स्कूटरवर घेऊन यायचा, कारण तयार धनुष्य ओढून बघायची त्यालाच हौस.

त्या दिवशी भर दुपारी मी पडवीत नवं धनुष्य दोरी चढवून बघत होतो. अजून पाठीवर काही बसवलं नव्हतं, म्हणून छातीपर्यंतच ओढत होतो. एवढ्यात फाट्याकडून स्कूटर आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग दोस्ताची किंकाळी. मी धनुष्य तसंच हातात घेऊन पळालो. पेंढ्याच्या भाऱ्यावर मारायचा लोखंडी टोकाचा एक बाणही उचलला. तो का उचलला ते मला तेव्हाच ठाऊक होतं.

तिघेजण होते. दोस्त रस्त्यावर आडवा पडलेला. एकजण त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता, दुसऱ्यानं त्याचा हात पायाखाली दाबून धरला होता. शिरांची पिशवी फाटून धुळीत पडली होती.

"म्हशीच्या हायत रे! पावती हाय खिशात!" दोस्त ओरडत होता. लाथ बसली की शब्द मधेच तुटायचा. त्याच्या कानातून रक्त येत होतं.

"सोडा त्याला," मी म्हणालो.

तिसरा वळला. शेजारच्या गावचा, ओळखीचा. त्याच्या घराची दारं मीच केलेली. हातात सळई होती. "तू मधी पडू नको, सुतारा," म्हणाला आणि सळई दोस्ताच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला.

मी बाण लावला. त्याच्या गळ्याची घाटी दिसत होती, तिच्या खालच्या खळग्यावर नेम धरला. आजवर इतका शांत मी कधीच नव्हतो. तो हसला. "जत्रतला खेळण्यातला बाण हाय काय रे?" त्यानं सळई पुन्हा वर उचलली आणि मी दोरी छातीच्या पुढे, थेट कानापर्यंत ओढली.

लाकूड बोटांखाली करकरलं. मी ते ऐकलं, तरी ओढत राहिलो.

मग फटाक्यासारखा आवाज झाला. धनुष्याचा वरचा हात पाठीकडून फाटला आणि दोरीनं हिसकलेला तुकडा माझ्या तोंडावर आला. बाण तिथंच पायाशी पडला. मी गुडघ्यांवर बसलो. बोटांमधून काहीतरी ऊन ऊन गळत होतं. उजव्या डोळ्यानं पाहिलं, तर तिघे माझ्याकडे बघत मागं सरकत होते. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे, पण सळई टाकून ते पळाले.

दोस्त सरपटत आला. स्वतःचा रुमाल माझ्या डोळ्यावर दाबत म्हणाला, "हात लावू नको रे. अजिबात हात लावू नको."

दोघांना एकाच टेम्पोतून महाडला नेलं. त्याच्या तीन बरगड्या आणि गुडघ्याची वाटी गेली. माझा डोळा वाचला नाही. जबाब घेताना पोलिसांनी विचारलं, "घाबरवायला ओढलंत ना?" मी हो म्हणालो. तिघांना अटक झाली, जामीन झाला, केस अजून चालू आहे. त्यातल्या एकाचा बाप दोस्ताच्या अंगणात येऊन बसला, तक्रार मागं घ्या म्हणाला. दोस्तानं नाही घेतली.

मी मात्र वर्षभर वाकसाला हात लावला नाही. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, खिळ्यावर मारलेला हातोडा बोटावर बसतो. आणि डोळा मिटला की तो गळ्याचा खळगा दिसायचा. भीती वाटायची ती त्या माणसाची नव्हे.

पुढच्या थंडीत दोस्त काठी टेकत दारात उभा राहिला. स्कूटर सोडली होती, एसटीनं आला होता. पिशवीत चौदा शिरा.

"तू आणल्यास? पुन्हा?"

"मग काय, त्यांनी सांगितल्यावर बंद करू?"

पडवीत बसून आम्ही त्या कुटल्या. कुटता कुटता त्यानं खाली मान घालूनच विचारलं, "बाण सोडला असतास?"

"होय."

त्यानं दगडावरची शीर उलटी केली. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "मी खाली पडल्या पडल्या मनात म्हणत होतो, मार. मग धनुष्य तुटलं, तेव्हा वाईट वाटलं. घरी गेल्यावर बायकोला सांगू शकलो नाय."

मी सुटलेले तंतू विंचरून बाजूला ठेवले. त्यानं पुढची शीर दगडावर घेतली.

माळ्यावर राहिलेल्या धामणीचं नवं धनुष्य तासलं, त्याच्या पाठीवर तंतूंचे तीन थर बसवले, होळीपर्यंत वाळू दिले. मग दोरी चढवून मी थोडं थोडं ओढायचो आणि तो समोर स्टुलावर बसून वाक बघायचा, कारण मला तो आता नीट दिसत नाही. "खालचा हात ताठ हाय. अजून घास." मी घासायचो. "बास. आता कानापर्यंत ओढ."

मी ओढलं.