संरक्षणास पात्र

नाव: लामदुआन. वय: एकोणसाठ. राष्ट्रीयत्व: थाई. व्यवसाय: कोळंबी सोलणे. शेरा: परदेशी मजुरांच्या अनिष्ट स्पर्धेपासून संरक्षण मिळण्यास पात्र.

सरकारी नोंदीतला हा शेरा खोटा नव्हता. महाचाई बंदरामागच्या सूंग शेठच्या शेडमध्ये लामदुआन तरुणपणी बसायला लागली, तेव्हा टेबलाभोवती सगळ्या थाई बायका होत्या. पुढे कोणी शिवणाच्या कारखान्यात गेली, कोणी पोरींच्या पगारावर घरी बसली आणि रिकाम्या जागांवर बर्मी बायका आल्या. लामदुआन राहिली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. पैसे किलोवर मिळत, आणि किलोचा दर वर्षानुवर्षं हलला नव्हता. वाढवून मागितला की शेठ नुसतं दाराकडे बोट दाखवी. सीमा ओलांडून आलेल्या बायका दाराबाहेर बसलेल्या असायच्याच.

तिच्या शेजारी टिन मे ही बर्मी बाई बसे. कोळंबीचं डोकं मोडून पाठीतला काळा धागा कसा ओढायचा, हे तिला लामदुआननेच शिकवलं. बर्फाने सोलवटलेली बोटं दोघी एकाच तुरटीच्या पाण्यात बुडवत. बर्मी बायका गालांना लावतात तो तनाखा टिन मे घरून चंदनासारखा उगाळून आणी. स्वतःच्या गालांना लावून उरलेला लामदुआनच्या.

"मावशी, आता तुम्ही आमच्यातल्याच दिसता."

"गप गं! तुमच्यापायी माझा दर मेला आणि वर माझं तोंड रंगवतेस."

"दर शेठने मारला. मी फक्त कोळंबी मारते."

"ती मेलेलीच येते!"

बोटं मंदावत गेली तसे हे विनोद लामदुआनला सोसेनात. मंद हाताच्या बाईचं त्याच दरात भागत नाही. शेवटी ती गुपचूप पोलिसांत तक्रार करून आली: शेडमध्ये विनापरवाना बायका आहेत. त्या गेल्या की शेठला दर वाढवावाच लागेल, हा तिचा हिशोब. अर्थशास्त्राची पुस्तकंही तेच म्हणतात. निदान पहिल्या प्रकरणात.

धाड पडली. आमच्याकडे थाई असल्याची खात्री करायला संशयिताला राष्ट्रगीत म्हणायला लावतात. गालांवर तनाखा असलेली लामदुआनच आधी हाती लागली.

"म्हण!"

जन्मभर भोंग्यावर ऐकलेलं गीत दुसऱ्या ओळीनंतर तिला आठवेना. टिन मेने मात्र याच प्रसंगासाठी ते पाठ केलेलं. तिने शेजारून एक शब्द पुरवला, मग दुसरा, आणि शेवटी गीत खणखणीत आवाजात तिनेच संपवलं.

"साहेब, यांना सोडा, या खऱ्या थाई आहेत. मावशी, घाबरू नका. ओळखपत्र काढा."

ओळखपत्र निघालं आणि लामदुआन सुटली. टिन मेला आणि बाकीच्या बर्मी बायकांना गाडीत चढवलं. तक्रार कोणी केली, हे तिला कळलं नव्हतं.

"मावशी, माझ्या डब्यात भात आहे. नासेल, खाऊन टाका."

लामदुआनने तो खाल्ला नाही. टाकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने खरोखर दर वाढवला, दाराला तशी पाटीही लावली. टेबलाशी लामदुआन एकटी. थाई पोरी पाटी वाचून पुढे जात. एकीने आपली बोटं नाचवून दाखवली.

"मावशी, ही नखं काय कोळंबीसाठी रंगवली?"

आठवड्याभरात शेठ म्हणाला, "तुझ्या एकटीसाठी बर्फ कुठवर आणू?" आणि त्याने शेडला कुलूप लावलं.

नदीपलीकडच्या शेडमध्ये माणसं हवी होती. लामदुआन गेली. मुकादमाने तिची बोटं पाहिली नाहीत, ओळखपत्र पाहिलं.

"थाई? नको बाई. थाई बाया तक्रारी करतात."

आणि त्याने तिच्यामागे उभ्या असलेल्या बर्मी बाईला आत घेतलं.