एक प्लुत, दोन ह्रस्व

आमच्या घरात त्या वर्षी दोघेच राहत होतो, मी आणि कॉम्प्युटर. त्यातला एक शनिवारी सकाळी बंद पडला. (मी नव्हे. मी पडलो असतो तर निदान कुणीतरी धावत आलं असतं!)

आम्ही बनारसचे. दूधविनायकच्या गल्लीत आमच्या पिढ्या गेल्या. मराठी घरात, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी, अशी आमची वाटणी. मी रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला. मुलगी मंजू पुण्याला असते. तिला जुळं झालं आणि आमची ही, म्हणजे सुमन, "महिनाभर जाऊन येते" म्हणून गेली. वर्ष होत आलं तरी तो महिना संपला नव्हता. जुळ्यांना आजी सोडवेना, आजीला जुळी सोडवेनात. मी तेवढा सगळ्यांना अगदी सहज सुटलो.

खोटं कशाला बोलू, मंजू मलाही बोलावत होती.

"बाबा, घराला कुलूप लावा आणि इकडे या बघू."

"छे छे! मला इथे फार कामं असतात!" (कामं म्हणजे दूध आणणे, ते तापत ठेवणे आणि ते उतू जाताना बघणे.)

शेवटी तिने अट घातली. दर रविवारी सकाळी तिने कॉम्प्युटरवर फोन करायचा आणि मी समोर धडधाकट दिसायचं. "एक रविवार जरी चुकला ना बाबा, तर मी स्वतः येऊन तुम्हाला उचलून आणीन." माझा मोबाईल बटणांचा, त्यात फक्त आवाज ऐकू येतो, तोही समोरच्याने ओरडलं तर. तेव्हा सगळा भार कॉम्प्युटरवर. तो मंजूच्या कॉलेजच्या काळातला. घेतला तेव्हा पांढरा होता, आता जुन्या दातासारखा पिवळा पडला होता. मी फोन घ्यायला जायचो आणि हटकून लाल बटण दाबून तो तोडायचो, म्हणून मंजूने पुण्यात बसल्या बसल्या अशी सोय करून ठेवली होती की तिचा फोन आला की कॉम्प्युटर आपला आपणच उचलायचा. मी नुसतं समोर बसायचं. भिंतीवरच्या फोटोसारखं, फक्त हार न घालता.

तर त्या शनिवारी मी बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि डब्यातून आवाज आला, "टूँऽऽऽ! टूँ! टूँ!" पडदा काळा.

मी परत बंद केला, परत लावला. "टूँऽऽऽ! टूँ! टूँ!" डब्याला डावीकडून एक चापट मारली. उजवीकडून मारली. नमस्कार केला. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "बाबूजी, इतना पुराना? इसका पार्ट अब नहीं आता. नया ले लीजिए." मी म्हटलं, "भइया, कल सुबह तक चाहिए!" तो हसला आणि त्याने फोन ठेवला. मी परत बटण दाबलं, परत दाबलं. दुपारपर्यंत माझं तेच चाललं होतं.

तेवढ्यात दाराशी शेजारचे गुरुजी उभे राहिले. हे घनपाठी. म्हणजे वेदाचे शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे गुंफून तोंडपाठ म्हणणारे. एक मात्रा इकडची तिकडे झाली तर त्यांना ठसका लागतो. त्यांचे दोन्ही मुलगे नोकरीला लांब. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरातही ते आणि त्यांचा आवाज असे दोघेच.

"भाऊराव," ते म्हणाले, "तुमच्या घरात सकाळपासून कोण उच्चार करतंय?"

"कॉम्प्युटर करतोय, गुरुजी."

"काय सांगतोय?"

"तेच तर कळत नाही!"

"पुन्हा म्हणायला सांगा."

मी बटण दाबलं. गुरुजींनी डोळे मिटले, मान एकीकडे कलती केली. टूँऽऽऽ! टूँ! टूँ!

"एक प्लुत, दोन ह्रस्व," गुरुजी म्हणाले. "तुम्ही म्हणाल पहिला दीर्घ आहे. नाही. दीर्घ दोन मात्रांचा. हा चांगला तीन मात्रांचा आहे. प्लुत!"

"म्हणजे झालंय काय याला?"

"ते मला काय ठाऊक? पण जे काय म्हणतोय ते पाठ आहे त्याचं. एकदाही चुकला नाही."

जिला ठाऊक असेल अशी जगात एकच व्यक्ती माझ्या ओळखीची होती, आणि नेमकी तिच्यापासूनच हे लपवायचं होतं! पण माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. (माझ्या नामी कल्पनांबद्दल हिचं मत वेगळं आहे.) मी मंजूला फोन लावला.

"मंजू, एक सहज विचारतो. शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"कुठल्या शेजाऱ्यांचा?"

"आपल्या गुरुजींचा."

"गुरुजीकाकांकडे कॉम्प्युटर?"

"हो, घेतला त्यांनी. जुना. हौस म्हणून."

गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या गळ्यात गाढव बांधलंय. मी पटकन फोन त्यांच्याच हातात दिला. "तुम्हीच म्हणून दाखवा!" आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, पण म्हणून दाखवा म्हटलं की त्यांच्याने राहवत नाही. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुण्यापर्यंत तसाही ऐकू गेला असता अशा आवाजात म्हणाले, "टूँऽऽऽ! टूँ! टूँ!"

मग मंजू म्हणाली, "काका, एक लांब, दोन छोटे?"

"प्लुत. पण ठीक आहे."

"मग पडद्याचं कार्ड सैल झालंय. त्या डब्याची बाजू उघडा, धूळ काढा. ज्या कार्डाला मॉनिटरची वायर लागते ते बाहेर काढून त्याची सोनेरी कड खोडरबराने पुसा आणि परत घट्ट बसवा. आणि हो, बाबांना हात लावू देऊ नका!"

एवढं ऐकल्यावर मी डबा लगेच छतावर नेला. धूळ काढायची म्हणजे उघड्यावर, हो ना? गुरुजींनी पंचा कमरेला खोचला आणि मागून आधार दिला. जिन्यात आमचे दोघांचे मिळून चार गुडघे वेगवेगळ्या आवाजात कुरकुरत होते. वर जाऊन मी बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीचा असा गादीसारखा थर होता की मला वाटलं, यात कुणीतरी झोपलेलं असणार. गुरुजींनी फुंकर मारली. श्वास वेदपाठ्याचा! सगळी धूळ उठली आणि माझ्या तोंडावर बसली. मी शिंकायला वळलो, आणि तेवढ्यात कठड्यावरून एक बंदर (आमच्याकडे माकडाला बंदरच म्हणतात) आलं आणि स्क्रू ठेवलेली वाटी उचलून पलीकडच्या छतावर जाऊन बसलं!

"अरे, चणे नाहीत ते!" मी ओरडलो.

बंदराला ते पटेना. त्याने एकेक स्क्रू चावून पाहिला आणि एकेक करून खाली गल्लीत फेकला. शेवटी वाटीही फेकली. खालून कुणीतरी बंदराला सोडून मला शिव्या दिल्या.

आता कार्ड पुसून तयार, पण धरून ठेवायला एक स्क्रू नाही. उन्हं उतरली तसा आम्ही डबा खाली खोलीत आणला आणि गुरुजी संध्येला गेले. "सकाळी बघू," म्हणाले. रविवारी उजाडताच ते आले ते हातात कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, घेऊन. कार्ड खाचेत दाबून बसवलं आणि कलाव्याने डब्याच्या सळीला असं करकचून बांधलं की लग्नातसुद्धा इतकी पक्की गाठ पडत नाही. आत नीट दिसावं म्हणून मी स्पीकरचा प्लग काढून तिथे टेबल लॅम्प लावला होता. मागच्या बाकी वायरी दिसेल त्या भोकात खोचल्या. मंजूचा फोन यायला थोडाच वेळ उरला होता. मी बटण दाबलं.

"टूँ!"

"एकच ह्रस्व!" गुरुजी आनंदाने ओरडले. "निर्दोष!"

आणि पडदा काळाच.

आम्ही थांबलो. पंखा घरघरत होता, आत काहीतरी कुरकुरत होतं, पण पडदा काळा ठिक्कर. फोनची वेळ झाली. वेळ टळली. मी बनियनवर, तोंडाला अजून कालची धूळ, तसाच खुर्चीत बसून राहिलो.

"संपलं, गुरुजी," मी म्हटलं. "आता ती येणार आणि मला उचलून नेणार."

"मग जा की. तुमची माणसं आहेत तिथे."

"जायला काही नाही हो. पण तिथे मी काय करू? ती सगळी कामात. मी सोफ्यावर. कुणी जाता येता पाय वर घ्या म्हणणार आणि मी घेणार. इथे निदान पाय माझ्या मर्जीने खाली असतात."

"इथे तरी बरं चाललंय का तुमचं?"

मी आजवर हे कुणाला बोललो नव्हतो. पण तोंडावर धूळ असली की माणूस जरा मोकळं बोलतो.

"कसलं बरं! रोज खिचडी खातो आणि फोनवर भाजीची नावं बदलून सांगतो. बातम्या मोठ्याने लावतो, घरात कुणीतरी भांडतंय असं वाटावं म्हणून. घाटावर जातो तर नावाडी विचारतात, 'बाबूजी, अकेले?' म्हणून जायचंही सोडलं. आणि हा डबा दिवसभर चालू ठेवतो, काही काम नसतं त्याच्यावर. पण पंखा घरघरतो ना, तो अगदी आमच्या हिच्या घोरण्यासारखा. वाटतं, आतल्या खोलीत झोपलीय."

गुरुजींनी कलाव्याची गाठ उगाच चाचपून पाहिली. मग म्हणाले, "मी रोज पाठ म्हणतो, भाऊराव. त्यात प्रत्येक शब्द पुढे जातो आणि परत मागे येतो. गेलेलं परत येणारं माझ्या घरात तेवढंच उरलंय."

मी नाक पुसलं. (धुळीमुळे.) आणि उगाच हाताला काम म्हणून डब्याच्या मागे वाकलो, तर काय! मॉनिटरची वायर जिथे खोचली होती त्याच्या खाली कार्डावर अगदी तस्संच दुसरं भोक! मी वायर उपटली आणि खालच्या भोकात खोचली.

पडदा उजळला.

पडद्यावर मंजू होती. शेजारी ही. त्यांच्यामागे जावई आणि विहीणबाई, दोघांच्या कडेवर एकेक नातवंड. सगळेच्या सगळे आमच्याकडे बघत होते. ही पदराने डोळे पुसत होती.

म्हणजे कॉम्प्युटर कधीचाच चालू झालेला होता! काळा होता तो फक्त पडदा. फोन आला तसा त्याने तो इमानदारीत उचलला होता, कॅमेरा आम्हाला दाखवत होता, त्यातला माइक सगळं ऐकवत होता, आणि ती मंडळी पुण्याहून हाका मारत होती तर स्पीकरचा प्लग मी काढून ठेवलेला! खिचडीपासून सगळं आख्ख्या कुटुंबाने, विहीणबाईंसकट, ऐकलं होतं.

"स्पीकर!" गुरुजी कुजबुजले. मी लॅम्प काढला आणि स्पीकर लावला. वर्षभराच्या विरहानंतर, एवढं सगळं काळीज उघडं केल्यानंतर, माझ्या बायकोचे पहिले शब्द ऐकू आले ते असे.

"मी घोरते?"

"नाही म्हणजे... थोडंसं..."

"तीस-पस्तीस वर्षांत कधी बोलला नाहीत ते!"

"आई, ते राहू दे ना," मंजू म्हणाली. "बाबा, सांगायचं नाही का? दर रविवारी विचारते, कसे आहात, तर म्हणे मजेत!"

"तू उचलून नेईन म्हणालीस ना..."

"अहो," ही मध्येच म्हणाली, अगदी वेगळ्या, हळू आवाजात, "ऐका. मी पुढच्या—"

मला ते बसून ऐकवेना. मी भारावून उभा राहिलो. पाय वायरीत अडकला, प्लग निघाला, आणि बायको तोंड उघडं असतानाच नाहीशी झाली.

लगेच मोबाईल वाजला. "बंद का केलंत? रागावलात का?"

"नाही गं! पाय अडकला. तू काय म्हणत होतीस? पुढच्या काय?"

"पुढच्या दिवाळीला येईन म्हणत होते."

"अच्छा," मी म्हटलं. "ये की. दिवाळीला ये."

"तुमचा हा आवाज ऐकून आता नाही थांबत दिवाळीपर्यंत. मंजू या आठवड्याचं तिकीट काढतेय. पावसाळ्यापर्यंत दोघं तिकडे राहू, मग दोघं इकडे येऊ. आणि गुरुजींना सांगा, मंजू विचारतेय, रविवारी त्यांनीही बसायचं फोनवर. जुळ्यांना त्यांचं कालचं ते फोनवरचं टूँ फार आवडलंय."

मी गुरुजींना निरोप सांगितला. त्यांनी नुसती मान हलवली, आणि जरा वेळाने स्वतःशीच हळूच म्हणून पाहिलं, "टूँऽऽऽ."

ही आली. आल्या आल्या तिने खिचडीचं पातेलं माळ्यावर टाकलं आणि घर धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी चहाला आले. बशीत चहा ओतत ते म्हणाले, "वहिनी, एवढी खटपट केली आम्ही, पण बिघाड नेमका कशात होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही हो."

हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.