पार्सेचा दगडी चेहरा

चोर्ला घाट उतरताना मी भांडणाची उजळणी करत होतो. बेळगावहून गोव्यातलं पार्से गाठायचं, गुरुदासच्या दारात उभं राहून त्याला चार शब्द ऐकवायचे आणि परत फिरायचं, एवढाच या प्रवासाचा हेतू. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात हा मांडवात असा बसला होता, जणू कोणाच्या दहाव्याला आलाय. अक्षता टाकल्या, जेवला, पण हसला नाही. पाहुणे मला विचारत होते, "तुमच्या मित्राला स्थळ पसंत नाही काय?"

जुन्या ट्रकांच्या धंद्यात आम्ही भागीदार. भाव ऐकला की चेहऱ्याचा दगड करायचा, हे त्याला मीच शिकवलं. तीच युक्ती त्यानं माझ्या मांडवात चालवली. तेव्हापासून बोलणं बंद.

साखळीहून वाट वाकडी करून पाळीला थांबलो. खाण बंद पडली तेव्हापासून इथं वेलींनी गिळलेले ट्रक उभे आहेत आणि मालक अजून शोरूमचा भाव सांगतात. पुढे पेडण्यात प्रत्येक कुंपणावर 'खोली भाड्याने'चा फलक. काजूच्या बागेतही पर्यटक पिकतील अशी यांची समजूत आहे.

पार्सेला वहिनींनी उंडे (टणक कवचाचे गोल पाव) आणि मुगाची पातळ भाजी वाढली. उंडा ट्रकच्या टायरसारखा. भाजी चांगली होती. गुरुदास खुर्चीत. चेहरा तोच, लग्नातला.

"आयलो?" तो इतकं हळू म्हणाला की मला तो माज वाटला. मी आवाज चढवला तशा वहिनी मध्ये आल्या. "भावजी, भांडायचं असेल तर गाडीत भांडा. दिचोलीला दोतोर (डॉक्टर) बारापर्यंतच असते. बरं झालं, गाडी घेऊन आलात."

म्हणजे भांडायला गेलो आणि ड्रायव्हर झालो.

दिचोलीची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं त्याला बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, मग मला समजावलं. मज्जापेशींत एक प्रथिन असतं, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या. पेशीच्या टोकाशी राहून पुढच्या पेशीला निरोप पोचवायला ते मदत करतं. त्याची घडी चुकली की ते एकमेकांना चिकटून गोळे होतात. हालचालीसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात मंदावतो, आवाज बसतो, चेहरा हलेनासा होतो. याला पार्किन्सन म्हणतात.

"गोळे काढायचं काय घेणार?" मी विचारलं.

"काढता येत नाहीत. औषधानं हालचाल सुधारेल."

"निदान अर्धे तरी?"

"अर्धेही नाहीत, काका."

"घडी चुकते कशानं?"

"नक्की कोणालाच माहीत नाही."

एवढं शिकून हे उत्तर. पाळीचा भंगारवालासुद्धा गाडी का बंद पडली ते सांगतो, खोटं का होईना.

बाहेर गाड्यावर तिघांनी चहा घेतला. गुरुदासनं पेला दोन्ही हातांनी धरला होता. माझा राग आता कुठं ठेवावा कळेना, म्हणून त्याच्यावरच काढला. "जन्मात तुला धड भागीदार निवडता आला नाही. आधी मी, आता हे प्रथिन."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. त्याचा चेहरा तसाच. मी पुन्हा पेटणार, तेवढ्यात तो पुटपुटला, "हांव हांसतां रे. तुका दिसना." (मी हसतोय रे. तुला दिसत नाही.) थोडं थांबून म्हणाला, "लग्नांतूय हांसतालों."

लग्नातही हसत होतो म्हणे. मग तेव्हा सांगायला काय झालं होतं? दोघांना पार्सेला सोडताना त्याला बजावलं, यापुढे हसू आलं की तोंडानं सांगायचं.

परतताना डोकं भणभणत होतं. समोरच्याची भुवई हलली की किंमत ओळखून मी पोट भरलं. त्या डोळ्याला न दिसणाऱ्या प्रथिनानं माझी अख्खी विद्या मोडीत काढली, आणि त्याच्याशी धड भांडताही येत नाही. गुरुदासवरचा राग गेला असं कोणी समजू नये. तो फक्त थोडा स्वस्त झाला आहे.

घाटाच्या पायथ्याशी फोन वाजला.

"हांसलों," गुरुदास म्हणाला. कशाला, ते सांगितलं नाही.