अक्काचा फोटो आणि माझं पदार्थविज्ञान

शहाणपण अंगावर कसं उलटतं ते ऐकायचंय? मग चहा घ्या आणि ऐका. हसायचं मात्र शेवटी.

कॉलेजात प्रकाशाचा धडा संपवून मी सुट्टीत देवपूरला आले होते. धडा संपला म्हणजे प्रकाश मला कळला, असा माझा समज. घरात एकत्र फोटो काढायचं ठरलं. माझ्या वडिलांचा, आबांचा, हुकूम सुटला, की अक्का नको. अक्का म्हणजे आबांची विधवा बहीण. मला कॉलेजात पाठवण्यासाठी तीन दिवस उपाशी बसली होती ती. तिचा एकही फोटो नव्हता. मी इतकी भांडले, की आबा शेवटी म्हणाले, "बसू दे कडेला." अक्का उलट मलाच समजावू लागली, "पोरी, मी कडेलेच बठस."

फोटोवाले नाना मोठा कॅमेरा घेऊन आले. ज्यावर फोटो उमटतो त्या मोठ्या काचा लढाईमुळे मिळत नव्हत्या, म्हणून मोठ्या चौकटीत लहान काच बसवलेली. तशा दोनच. मी काळ्या फडक्यात डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर सगळं घर उलटं लटकलेलं, आबांसकट. फार बरं वाटलं.

नाना म्हणाले, "ताई, दुधी काचेवर पेन्सिलीची चौकट आहे ना, तेवढंच येणार. आपण मागे सरकू."

मी त्यांना शिकवलं. भिंग तेच, जागा तीच, मग दृश्यही तेच. काच लहान तर चित्र लहान होईल, माणसं थोडीच गळतील? मी जाऊन बसले, नानांनी भिंगावरची टोपी काढून फोटो घेतला.

मग काय केलं असेल त्यांनी? कॅमेऱ्यासकट तिकाटणं उचललं आणि थेट मागे कडुनिंबापाशी! शेवटची काच वाया घालवताय म्हणून मी बसल्या जागेवरून त्यांना झापत राहिले. त्यांनी टोपी काढली, शांतपणे आकडे मोजले, टोपी लावली.

चार दिवसांनी फोटो आले. पहिल्यात मधोमध आबा, शेजारी मी. अक्काचं फक्त एक कोपर.

नाना हळूच म्हणाले, "दिव्याचा उजेड भिंतभर पडतो, ताई. मध्ये ताट धरलं तर ताटापुरताच मिळतो. ताट लहान म्हणून उजेड आकसत नाही. काचेचंही तसंच."

मग त्यांनी दुसरा फोटो पुढे केला. माणसं जरा लहान, पण सगळी. कडेला अक्का, पदर सावरून, स्वच्छ. मी नानांना तिथेच वाकून नमस्कार केला. आयुष्यात कुणा वडीलधाऱ्यापुढे मनापासून वाकले ती तेव्हाच.

तो फोटो आता बैठकीत आहे. त्यात सगळे पुतळ्यासारखे स्थिर, एकटी मी बोलत होते. त्यामुळे मला दोन तोंडं आली आहेत, दोन्ही उघडी. पाहुणे विचारतात ही कोण, तेव्हा अक्का माझ्या शिक्षणाच्या अभिमानाने सांगते, "हाई आमनी शिकेल पोर शे."