आण्याच्या फ्रीजमधली पाण्याची वाटी

“आत्ता न्हाई उघडायचा. आठ वाजू द्या,” हिराबाई म्हणाल्या आणि फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पावणेआठ झाले होते. नारायणगावाहून सकाळीच निघून, आणे गावाच्या पुढची ही वस्ती विचारत विचारत मी पोचलो होतो. हातात टूलकिट, गळ्यात आयडी. पंचवीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतोय, पण फ्रीज उघडायला मुहूर्त लागतो हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

तक्रार तिसऱ्यांदा आली होती. फ्रीज आठ महिन्यांचा, वॉरंटीतला. ‘कधी गार करतो, कधी करत नाही.’ आमच्या सर्व्हिस सेंटरचे दोन टेक्निशियन आधी येऊन गेले होते. पहिल्याने ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं, म्हणजे दोष सापडला नाही. दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे गारवा कुठे थांबवायचा हे ठरवणारा पार्ट. साहेबांनी मला पाठवताना सांगितलं होतं, “मुनीर, तिथं अख्ख्या वस्तीचं सामान भरलेलं असतं म्हणे. मिसयूज लिहा आणि कॉल क्लोज करा.” मिसयूज म्हणजे ग्राहकाने चुकीचा वापर केला. हा शब्द एकदा रिपोर्टवर चढला की कंपनी मोकळी आणि वॉरंटी संपली.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. जुन्नरला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांनी घालून दिलेली. फ्रीज घरच्यांनी रिकामा करायचा, आपण नाही. आत काय दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. कारण फ्रीज उघडला की घर उघडतं. नारायणगावच्या नव्या फ्लॅटमधल्या नव्या जोडप्याकडे नुसत्या पाण्याच्या बाटल्या आणि मेंदीचे उरलेले कोन असतात. द्राक्षबागवाल्याकडे दुधाच्या पिशवीशेजारी फवारणीची औषधं असतात, आणि त्यावरून नवराबायकोचं भांडण रोजचं. शिनोलीला एका घरी गेलो, तर फ्रीज दोन वर्षं प्लगलाच नव्हता. आत सातबारा, मुलींचे दाखले आणि लग्नातला शालू. पावसाळ्यात तिकडे कपाटातसुद्धा बुरशी चढते, उंदीर वेगळेच. “गार न्हाई केलं तरी चालंल, दार तेवढं घट्ट बसवून द्या,” आजोबा म्हणाले. मी रबर बदलून दिलं आणि रिपोर्टवर ‘कस्टमर सॅटिस्फाइड’ लिहिलं. खोटं नव्हतं ते.

आठ वाजले. अंगणात पाचसहा माणसं येऊन थांबली होती. हिराबाईंनी दार उघडलं.

मी मागून पाहिलं आणि खरं सांगतो, हरखलो. कप्प्याकप्प्यात स्टीलचे डबे, आणि प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाची नाडी. लाल नाडी एका घराची, पिवळी दुसऱ्याची. कुणाचं विरजण, कुणाचं तान्ह्या बाळाचं औषध, एका घरची आदल्या दिवशीची आमटी. वरून दुसऱ्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, तीन डबे फडक्यात गुंडाळलेले. हिराबाई नाव न घेता नुसता रंग बोलायच्या, माणूस पुढे व्हायचा, डबा हातात पडायचा. दीड मिनिटात दार बंद. संध्याकाळी सातला पुन्हा एकदा. मधे कुणी आलं तरी दार उघडत नाही.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं? वस्तीवर फ्रीज तिघांकडे. त्यातला एक बंद, दुसरा चालतो पण मालक कुलूप लावतात. हिराबाई सातवी शिकलेल्या, औषधाच्या खोक्यावरचं वाचता येतं, आणि नाही म्हणायची सवय नाही. त्यांचे यजमान नामदेवराव हसून म्हणाले, “फ्रीज माझा, पण मला गार पाणी सातला मिळतं.”

“त्या फडक्यातल्या डब्यांत काय आहे?” मी विचारलं.

“इन्सुलिन. तीन माणसांचं,” हिराबाई म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. “निळी नाडी प्रियांकाची. शेजारची पोर. कॉलेजला जाती नारायणगावला. ल्हानपणापासून साखर हाय तिला. मागल्या म्हैन्यात इंजेक्शन रोज घेत व्हती, तरी साखर चढली. बेसुद पडली. चार दिस दवाखान्यात. डॉक्टरनं इचारलं, इन्सुलिन कुठं ठेवता? तिच्या आयनं माझं नाव सांगितलं.”

थोडं इथे समजावून सांगतो. इन्सुलिन गार ठेवावं लागतं, पण गोठू द्यायचं नसतं. एकदा गोठलं की पुन्हा वितळलं तरी त्यातला गुण गेला. आणि बाटलीकडे बघून ते कळेलच असं नाही. हिराबाईंचा समज होता की जितकं गार तितकं चांगलं. त्या एकट्याच नाहीत, निम्म्या तालुक्याचा तोच समज आहे.

“भाऊ, मला फ्रीज नवा नकोय,” त्या म्हणाल्या. “मला येवढंच सांगा, माझ्या फ्रीजनं त्या पोरीला पाडली का? तसं असंल तर म्या समद्यांचे डबे आजच परत करते. पण मंग ते ठेवतील कुठं?”

मी तपासायला लागलो. व्होल्टेज दोनशे पंचवीस. कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रीजचं हृदय, एकदम शांत चालत होता. गॅस बरोबर. दाराचं रबर बरोबर. थर्मोस्टॅट नवाच. माझ्याही हातून ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं जाणार असं दिसत होतं. तेवढ्यात लक्ष गेलं ते इन्सुलिनच्या डब्यांशेजारी ठेवलेल्या वाटीकडे. छोटी स्टीलची वाटी, निम्मी पाण्याने भरलेली.

“ही कशाला?”

“दवाखान्याच्या त्या परकारानंतर ठेवली. रोज सांजच्याला सातला बोट घालून बघते. पानी गार हाय का कोमट हाय, का वर पापुद्रा धरलाय. इन्सुलिनच्या बाटलीत काय बोट घालता येत न्हाई ना. पापुद्रा दिसला की तिघांनाबी सांगते, बाटली टाका, नवी आणा.”

“आणि कोमट लागलं तर?”

“मंग डबे वल्या फडक्यात बांधून माठाशेजारी. डॉक्टरला इचारूनच.”

आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे हात केला. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर. ग म्हणजे गार, को म्हणजे कोमट, ब म्हणजे बर्फ. डिप्लोमा केलेली पोरं आमच्याकडे येतात, त्यांना सांगून सांगून घसा बसतो की रीडिंग लिहून ठेवा. या बाईंनी एका वाटीवर आणि बोटावर तीन आठवड्यांचं रीडिंग ठेवलं होतं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

कॅलेंडरवर वार एकाखाली एक असतात, एका वाराच्या तारखा एका आडव्या रांगेत. सोमवार ते बुधवारच्या रांगांत ग, मधे एकदोन ब. गुरुवार ते रविवारच्या रांगांत को. तिन्ही आठवडे तसंच. फ्रीजला वार कळतो की काय?

फ्रीजला कळत नाही, पण लाइटला कळतो. आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाइट, म्हणजे ज्यावर विहिरीवरचे पंप चालतात ती, काही वार दिवसा असते आणि काही वार रात्री. “तुमच्याकडे दिवसाची लाइट कधी?” मी विचारलं.

“बेस्तरवार ते रविवार. साडेनवाला येती,” नामदेवराव म्हणाले.

आणि आमच्या सेंटरची आण्याच्या बाजूची फेरी मंगळवारी. तिन्ही वेळा आम्ही मंगळवारीच आलो होतो. पेशंटला ताप येतो त्या दिवशी डॉक्टर कधी आलेच नव्हते.

साहेबांना फोन केला. “सर, गुरुवारी पुन्हा यावं लागेल.”

“कशाला? मिसयूज लिहा. सात घरांचं सामान, दिवसभर दार उघडझाप.”

“दार दिवसातून दोनदा उघडतं, सर. तुमच्या माझ्या घरी जास्त उघडतं.”

“मग वापर कमर्शियल लिहा.”

“इथं कुणी काही विकत नाही.”

“मुनीर, गुरुवारी आपले नारायणगावचे कॉल आहेत.”

“माझी रजा टाका,” मी म्हणालो. साहेब माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कॉल मोजायचे असतात. त्यांनी रजा टाकली.

गुरुवारी सव्वानऊला मी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, फ्रीजच्या प्लगशेजारी लावून बसलो. दोनशे बावीस. हिराबाई चहा ठेवून उभ्या. साडेनऊला थ्री फेज आली, आणि वस्तीच्या चारी बाजूंनी एकाच क्षणी मोटारींची घरघर सुरू झाली. मीटरवरचा आकडा एकशे तीसवर आला. फ्रीजमधून ‘हूं’ असा दबलेला आवाज, मग ‘टक्’. बंद. तीन मिनिटांनी पुन्हा हूं, पुन्हा टक्. कॉम्प्रेसरला उठायला ताकद पुरत नव्हती, आणि तो जळू नये म्हणून त्याचा ओव्हरलोड, म्हणजे राखणदार, त्याला बंद करत होता. पंप चालतील तोवर हेच चालणार.

“सगळे पंप एकदम कसे सुरू झाले?” मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

“आटो हाय ना,” नामदेवराव म्हणाले.

आटो म्हणजे पंपाला बसवायची एक पेटी. लाइट आली की माणूस नसताना मोटार आपोआप चालू होते. शेतकऱ्याला विहिरीवर ताटकळावं लागत नाही, म्हणून घरटी बसवलेली. सात विहिरी, सात आटो, एकच ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवर हिराबाईंचा फ्रीज.

“आणि बर्फ?” हिराबाईंनी विचारलं.

मी फ्रीजमधलं बटण दाखवलं. सातवर होतं. “हे कोण फिरवतं?”

नामदेवराव खाली बघायला लागले. “गार करंना, म्हणून म्या जोर वाढवला.”

तो जोर नसतो. सात आकडा म्हणजे लवकर थांबू नकोस असा हुकूम. गुरुवार ते रविवार दिवसा बिचारा उठूच शकत नव्हता. बाकीच्या वारी दिवसभर पूर्ण व्होल्टेज मिळालं की थांबायचं नाव घेत नव्हता. मग संध्याकाळी वाटीत पापुद्रा.

हिराबाई म्हणाल्या, “म्हंजी फ्रीजनं न्हाई. आमीच पाडली पोरीला.” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “आन् वस्तीवर पयला आटो आमचा.”

त्यांनी फोन उचलला. मोजून सहा फोन, प्रत्येकाला एकच वाक्य: “असाल तसं या, डब्याचं काम हाय.” वीस मिनिटांत सहाही शेतकरी अंगणात. चिखलाचे पाय, कुणाच्या खांद्यावर खोरं. प्रियांकाचे वडील दत्तूभाऊही त्यात होते. मी मीटर दाखवलं, समजावलं. लोक ऐकत होते, पण कांदा ऐन पाण्यावर आलेला.

“आटो काढला तर मोटारीपाशी कोण बसनार? ह्यो तुमच्या फ्रीजचा दोष, आमच्या मोटारीला कशाला लावता राव?” एक जण म्हणाला.

हिराबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी वेळ नसताना फ्रीज उघडला, माझी तपासणी सोडली तर मी पाहिलेलं पहिल्यांदाच, आणि लाल नाडीचा डबा त्याच्या हातात दिला. त्याच्या आईचं इन्सुलिन. “मंग ह्यो घरी ने, पावणं. मला माझ्या हातानं तुझ्या आयला मारायचं न्हाई.”

तो डबा हातात घेऊन उभा राहिला. दत्तूभाऊ बांधावरून चालू लागले. पाच मिनिटांनी एक घरघर थांबली. परत आले ते आटोची पेटी हातात घेऊन. त्यांनी ती हिराबाईंच्या पायरीवर ठेवली. मग नामदेवराव उठले.

दुपारी बारापर्यंत पायरीवर सात पेट्या होत्या. ठरलं ते असं: चार पंप पहिल्या पाळीत, तीन दुसऱ्या पाळीत, आणि प्रत्येकाने मागच्याला सांगून, पाच मिनिटांच्या अंतराने आपली मोटार हाताने चालू करायची. हिराबाईंचा पंप सगळ्यात शेवटी, हे त्यांनीच सांगितलं. लगेच करून पाहिलं. चौथी मोटार चालू झाली तेव्हा मीटरवर एकशे अठ्ठ्याण्णव. फ्रीज हूं म्हणाला. सगळे कान लावून. टक् आलं नाही. लाल नाडीवाल्याने डबा परत आत ठेवला. मी बटण तीनवर आणलं, त्यावर चिकटपट्टी लावली आणि स्टॅबिलायझर बसवायलाही सांगितलं.

रिपोर्ट लिहायला बसलो. ‘वापर’ या रकान्यात दोन चौकोन असतात, घरगुती आणि व्यावसायिक. मी हिराबाईंना विचारलं, काय लिहू? त्यांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. “घरचीच हायेत की समदी.” मी घरगुतीवर खूण केली. ‘दोष’ या रकान्यात लिहिलं: फ्रीजमध्ये नाही.

महिन्याने मुद्दाम शुक्रवारी गेलो. सव्वाआठ झाले होते, फ्रीजचं दार उघडून मिळालं नाही. कॅलेंडर पाहिलं. चार आठवडे, सगळे वार, ग. प्रियांका कॉलेजला गेली होती, त्यामुळे भेट झाली नाही, आणि मला तेच बघायचं होतं. वाटी अजून ठेवता का, विचारलं. “ठेवते की,” हिराबाई म्हणाल्या. “मोटारी मानसांच्या हातात हायेत आता. मानूस इसरतो.”

तेव्हापासून फ्रीजची तक्रार आली की मी मॉडेल नंबर नंतर विचारतो. आधी वार विचारतो.