जरा रस्सा वाढा

कोरियन हॉटेलात मी आईसाठी उदोन मागवलं. वाडगाभर गरम सूप आणि त्यात जाडजूड शेवया. आईने आधी सूप संपवलं, शेवया तशाच ठेवल्या आणि गल्ल्यावरच्या कोरियन मालकीणबाईंना वाडगा दाखवत म्हणाली, "जरा रस्सा वाढा."

आम्ही कोल्हापूरचे. मिसळीवर पुन्हा रस्सा मागणं म्हणजे आमच्याकडे रांधणाऱ्याला दिलेली दाद. परमुलखातल्या चुलीलाही आई ती आपल्याच भाषेत, त्याच ऐटीत देत होती. माझी मान उगाच ताठ झाली.

बाई पातेलंच घेऊन आल्या आणि वाढू लागल्या. आईने वाडग्यावर आडवा हात धरला, तरी तो हळूच बाजूला सारून त्यांनी आणखी एक पळी वाढलीच.

"चांगल्या घरची दिसते," आई मला म्हणाली.